तीन नंबरचं इंजिन

ओकव्हिल, ऑन्टॅरिओ
रविवार, १५ नोव्हेंबर १९८१

प्रिय एलायजा,

शालोम. तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे रिबेकाचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. गॅरेजबाहेर विंटर टायर घालायला आलेल्या गाड्यांची रांग आहे. पहिला बर्फ पडेपर्यंत इथे कोणाला टायर आठवत नाहीत आणि पडला की सगळ्यांना एकाच सकाळी आठवतात. गिऱ्हाइकं अजून फोन करतात, रिसीव्हर इंजिनाजवळ धरतात आणि विचारतात, "ज्युडा, काय झालंय हिला?" मी सांगतो. दहांत नऊ वेळा बरोबर निघतं. दहाव्या वेळी टेलिफोन कंपनीची चूक.

हे पत्र सिपोराला दाखवू नकोस. माझी पत्रं तीच तुला मोठ्याने वाचून दाखवते हे ठाऊक आहे, म्हणून पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय. ती माझी बहीण आहे, आधी तिच्या मनाला लागेल. तू एकट्याने वाच.

गेल्या आठवड्यात सस्काटूनला जाऊन आलो. लढाईतल्या आपल्या स्क्वाड्रनचं संमेलन होतं. पेपरात जाहिरात होती: हवेतले, जमिनीवरचे, सगळ्यांनी यावं. रिबेका म्हणाली, "तिथे तुम्हाला कोण ओळखणार?" म्हटलं, माणसं नाही तर आपल्या लिबरेटर विमानांचे फोटो तरी ओळखतील. नवा सूट घेतला. विमानाने गेलो, आणि सवयीने पंखाच्या बाजूची खिडकी मागून घेतली.

हॉलमध्ये पन्नास-साठ म्हातारे. ज्यांना आपण पोटात दोन केळी आणि डोळ्यांत झोप घेऊन शिडी चढताना पाहिलं, ते आता खुर्चीत बसतानाही टेबलाचा आधार घेतात. मला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल दिलं. त्याचं काही वाटलं नाही, तिथे जेवण गरम मिळतं.

मग आर्थरसाहेब बोलायला उठले. आपले इंजिनिअरिंग ऑफिसर. त्यांचे बूट वाजले की तू कानामागची विडी काढून मोज्यात घालायचास, तेच. केस पांढरे झालेत, आवाज तोच. बंगालमधली ती धावपट्टी, तो चिखल, सयामच्या रेल्वेपुलांवर बॉम्ब टाकून सोळा-सोळा तासांनी परतणारी पोरं, सगळं छान बोलले. मीही टाळ्या वाजवल्या. मग आपल्या पायलटच्या, हेरॉल्डच्या विमानावर आले. म्हणाले, "आमचे इंडियन फिटर कामाला वाईट नव्हते हो. पण नजर ठेवावी लागायची. एकाने खराब इंजिनावर सही ठोकली आणि दार लावून देवाची प्रार्थना करत बसला. आठ पोरं गेली."

हॉलमध्ये कोणीतरी चुकचुकलं. माझ्या शेजारचा मला पाव पुढे करत होता. एलायजा, माझ्या हातात लोण्याची सुरी होती. ती मी खाली ठेवली, एवढंच आज अभिमानाने सांगू शकतो.

ते बोलून बसले तेव्हा एक बाई माझ्या टेबलाशी आली. उंच, ताठ, लोकरीचा कोट. तिने माझ्या छातीवरचं कार्ड वाचलं.

"तुम्ही जे. आवासकर?"

"हो."

"मी पॉलिन. हेरॉल्डची बहीण."

तिने पर्समधून चार घड्यांचा एक फोटोस्टॅट काढला. त्या अपघाताच्या चौकशीचे कागद आता उघडे झालेत, तिने लंडनला पत्रं लिहून लिहून मिळवले. आपल्या सातशे नंबरच्या वहीचं पान होतं ते. ही वही काय असते हे मी तुला सांगायचं कारण नाही, पण मी सगळं पहिल्यापासून मांडणार आहे, कारण तू ते सदतीस वर्षं मांडलं नाहीस. ज्याने इंजिन तपासलं त्याने वहीत सही करायची. दोष असेल तर लाल अक्षरात लिहायचा. लाल अक्षर असेल तर विमान जागचं हलत नाही, मग विंग कमांडर येऊन नाचला तरी. सगळ्यांच्या सह्या पाहून शेवटी पायलट सही करतो आणि आपला जीव त्या कागदावर ठेवतो.

त्या पानावर तीन नंबरच्या इंजिनापुढे सही होती: जे. एस. आवासकर. लाल अक्षर एकही नव्हतं. तारीख, आपल्या दारफळणीच्या सणाची, दार लावून उपास-प्रार्थना करायच्या दिवसाची.

"ही सही तुमची," पॉलिन म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं. रेवदंड्याच्या शाळेत तू नाव लिहिल्यावर खाली दोन टिंबं द्यायचास आणि मास्तर म्हणायचे, "एलायजा, नावाला पाय कशाला?" माझ्या नावालाही तू पाय दिलेस!

आपला करार होता, मला मान्य आहे. एका वर्षी सण तू पाळायचा, दुसऱ्या वर्षी मी. ज्याचा उपास नसेल त्याने दोघांचं काम करायचं आणि दोघांच्या सह्या करायच्या. त्या वर्षी पाळी माझी होती. पण मी आदल्या संध्याकाळी तुला तोंडावर सांगितलं होतं की तीन नंबरच्या इंजिनात ठोका आहे, खालचा सिलिंडर उतरवल्याशिवाय त्याला पास करू नकोस. "बरं," असं तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी मी पांढरे कपडे घालून, बराकीचं दार लावून बसलो होतो. मला काय कळणार तू बाहेर काय करतोयस?

चौथ्या दिवशी मला अंबाल्याच्या डेपोत पाठवलं. कारण कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, उपासाची रजा नडली. डेपोत मी दीड वर्ष भंगारातले नट-बोल्ट निवडले. तुला मात्र बढतीची पट्टी मिळाली, मग शिफारसपत्र, मग सांताक्रूझच्या विमानतळावर नोकरी. सत्तेचाळीस साली तुझ्या लग्नात मी नाचलो. तू मावसभाऊ, तरी माझी बहीण तुला दिली. पंचवीस वर्षं तू मला नव्या वर्षाची कार्डं पाठवतोस, "सर्व चुकांची क्षमा असावी" असं छापलेली. छापलेली! हाताने लिहायला काय झालं होतं?

स्वतःच्या नावाने सही केली असतीस तर मी तुला मूर्ख म्हटलं असतं आणि तुझ्याबरोबर रडलो असतो. माझ्या नावाने का केलीस?

पॉलिनला मी म्हणालो, "मी तुम्हाला लिहून कळवतो." ती म्हणाली, "मी एकाहत्तर वर्षांची आहे, मिस्टर आवासकर. न येणाऱ्या पत्रांची वाट पाहण्यात माझी बरीच वर्षं गेलीत." मार्चमध्ये ती हे कागद लढाईच्या म्युझियमला देणार आहे. सोबत एक टिपण: हे इंजिन कोणी पास केलं. तिथे माझं नाव लागेल. माझी नातवंडं शाळेच्या सहलीला जाऊन ते वाचतील.

तेव्हा तू तिला पत्र लिहायचंस. पत्ता मागे आहे. सही कोणाची, ते सांगायचं. मला उत्तर नको. तिला लिही.

ज्युडा

*

ओकव्हिल
रविवार, ३ जानेवारी १९८२

एलायजा,

तुझं पत्र मिळालं. पॉलिनला लिहिण्याऐवजी मलाच लिहिलंस. खुशाली, हवापाणी, सिपोराच्या डोळ्यांचं ऑपरेशन, तुमच्या इस्राएलातल्या, लोदमधल्या फ्लॅटची गळती. मग तिसऱ्या पानावर, घाईत: साहेबांनी वही पुढे सरकवली, म्हणाले दहा विमानं जायची म्हणजे दहाच जायची, ठोका कुठे लिहिलाय ते दाखव. लिहिलेला नव्हता. तीन नंबर हे ज्युडाचं इंजिन, म्हणून ज्युडाचं नाव घातलं, रोजच्यासारखं. चौकशीत विचारलं तेव्हा भीती वाटली, म्हणालो सही त्याचीच. आणि शेवटची ओळ:

"ज्युडा, मला तोंडी सांगितलंस. वहीत का नाही लिहिलंस?"

ते पत्र वाचून मी गॅरेजमध्ये गेलो आणि एका चांगल्या गाडीचं चांगलं इंजिन उगीच उघडलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मला फक्त टायर हवे होते."

तीन आठवडे तुला शिव्या देणारं उत्तर मनात लिहीत होतो. गाडी चालवताना, बर्फ शोव्हल करताना. मोठ्याने बोलत असेन, कारण टिर्झा एकदा म्हणाली, "डॅड, हू आर यू येलिंग ॲट?" मुलीला काय सांगणार? म्हटलं, तुझ्या आत्याच्या नवऱ्यावर. पण जे जे वाक्य रचलं, ते तुझ्या त्या ओळीपाशी येऊन अडकायचं.

का नाही लिहिलं, ते ऐक.

त्या आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायला, म्हणजे सण लागायला, पाव तास होता. ठोका मी ऐकला होता, शंकाच नव्हती. लाल अक्षरात लिहिला असता तर साहेबांनी विचारलं असतं, कोणी ऐकला? ज्याने ऐकला त्यानेच सिलिंडर उतरवायचा, असा त्यांचा नियम. आठ तासांचं काम, तेही सणाच्या दिवशी. आईला मी शब्द दिला होता की लढाई असो की काही असो, एक वर्षाआड तो एक दिवस मी राखीन. आणि खरं सांगू? मी थकलो होतो. एक दिवस मला कोणाचंही इंजिन ऐकायचं नव्हतं. म्हणून तुला तोंडी सांगितलं आणि हात धुतले. ग्रीस निघेना तेव्हा वाळूने घासले. पांढरा सदरा घातला. देवापुढे स्वच्छ जायचं होतं ना.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता तू न विचारलेलं सांगतो. हे रिबेकालाही ठाऊक नाही.

मला काय कळणार, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. माझ्यासारखा कान असलेला माणूस असं लिहितो आणि तू ते धडधडीत खोटं वाचून सोडून देतोस!

सकाळी साडेसातला चारही इंजिनं सुरू झाली. दार बंद होतं, खिडकीला चादर होती. पहिलं चांगलं. दुसरं चांगलं. तिसरं सुरू होताच मला ठोका ऐकू आला. टक्, मग गिळलेला एक ठोका, मग टक्. तसाच. कोणी हात लावला नव्हता. मग विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. हिरव्या दिव्याची वाट बघत चार मिनिटं तरी उभं होतं. माझ्यापासून दोनशे पावलांवर. हेरॉल्ड रोज शिडी चढण्याआधी मला हाक मारून विचारायचा, "ज्युडा, आज हिचं काय म्हणणं आहे?" आणि मी अंगठा वर केल्याशिवाय चढायचा नाही. त्या दिवशी त्याने हाक मारली का, तूच सांगू शकशील. मला ऐकू आली नाही. पण इंजिन ऐकू येत होतं.

उठलो. दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला. सणाच्या दिवशी दार उघडायचं नाही. मी स्वतःला म्हणालो, एलायजा आहे बाहेर, त्याला सांगितलंय, त्याने पाहिलं असेल. साहेबांनी पाहिलं असेल. हेरॉल्डला कळेल. प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्यातरी सहीवर विसंबला होता, मीही.

मग ते सुटलं. पेट्रोलने आणि बॉम्बांनी भरलेलं, जड. झाडांवर पोचेपर्यंत चार इंजिनं होती. मग तीन. त्यानंतरचा आवाज तूही ऐकलास.

तरीही मी दार उघडलं नाही, एलायजा. संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर उघडलं.

आता मी शांत झालो असं समजू नकोस. माझी चूक निघाली म्हणून तुझी मिटत नाही. मी गप्प बसलो, तू खोटं बोललास, आणि ज्याने वही पुढे सरकवली तो मानाच्या टेबलावर बसून तुझ्यामाझ्या प्रार्थनेवर विनोद करतो आणि वर पुडिंग खातो! त्या माणसाचा मला इतका राग आहे की टॅक्स भरतानाही तेवढा येत नाही. तुझा राग त्याहून जास्त. कारण तो परका आहे. तू माझ्या मावशीचा मुलगा.

सोबत पॉलिनसाठी एक पत्र आहे. माझं इंग्रजी गॅरेजातलं, पण तिला समजेल. पहिल्या परिच्छेदात मी: ठोका ऐकला, लिहिला नाही, दार उघडलं नाही. दुसऱ्यात आर्थरसाहेब: त्यांनी काय सरकवलं आणि काय म्हणाले. तिसरा परिच्छेद कोरा ठेवलाय. तो तुझा. खाली माझी सही आहे आणि शेजारी जागा आहे. तिथे तुझं स्वतःचं नाव लिही, दोन टिंबांसकट, आणि लोदच्या पोस्टात तूच टाक.

या पत्राची नक्कल मी ठेवलेली नाही. मुद्दाम. टाकलं नाहीस तर मार्चमध्ये म्युझियमच्या टिपणात माझंच नाव लागेल आणि मी ते खोडायला जाणार नाही. तेवढंही ते खोटं नाही. पण मग मला कार्ड पाठवू नकोस, छापलेलंही नको.

हे पत्र मात्र सिपोराला दे. नेहमीसारखं तिला मोठ्याने वाचू दे. दार उघडं ठेवा.

तुझा मावसभाऊ,
ज्युडा शालोम आवासकर
(सही मीच केली आहे.)