ऐनवेळचा विषय

शेरीचा मळा,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

चि. धैर्यशीलभाऊजी यांस विजयमालावहिनीचे आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? मिरजेच्या डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून बजावलं असताना तुम्ही रोज अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाता, हे राजेश्वरी जाऊबाईंकडून कळलं. सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हुकूम म्हणजे काय ते माहीत असायला हवं. गोळ्या वेळेवर घ्या आणि गूळ बंद करा. (चहातला गूळ हाही गूळच असतो.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे थोरले बंधू हळद शिजवण्यात गुंतले आहेत, त्यामुळे घरात शांतता आहे. एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात ते जमत नाही, म्हणून पत्र.

गेल्या वर्षीच्या हंगामात आपल्या भैरवसागर साखर कारखान्याने मळीचं पाणी पुन्हा ओढ्यात सोडलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ओढा काळा झाला, तिथून ते पाणी नदीत गेलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई भोईण पाटीभर मेलेले मासे घेऊन दारात उभी. मी भाकरी थापत होते. तिने पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. ह्यास्नी काय झालं ते सांगा." मी बी.एस्सी. आहे, तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, आणि मला तिला एवढंच सांगता आलं की पाण्यातला प्राणवायू संपला. "मग कुणी संपवला त्यो?" असं तिने विचारलं. याचं उत्तर मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, आणि पाच-सहा मैलांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वस्तीवरच्या पोरांच्या अंगावर पुरळ आलं होतं. ओढ्याकाठची विहीर तिसऱ्यांदा उपसली तरी वास जाईना. मी शालूबाईला शब्द दिला की पुढच्या हंगामात हे होऊ देणार नाही. (शब्द देण्याआधी माणसाने भाकरी उलटावी, ती करपली.)

मग मी बाटलीभर पाणी घेऊन कारखान्यावर गेले. चेअरमन बाळासो सातवीत माझ्या वर्गात होता. पाण्याचे गुणधर्म लिहा म्हटल्यावर त्याने गंध नसतो आणि चव नसते एवढंच लिहिलं होतं, रंग नसतो हे तेवढं राहून गेलं होतं. त्याचं कारण मला आता कळलं. तो बैठकीत होता, म्हणून बाटली शिपायाकडे ठेवून आले. बाटली सरबताची होती, ही माझी चूक. शिपायाने ती फ्रिजमध्ये ठेवली आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर नेली. कुणी प्यायलं नाही, झाकण उघडल्यावर वासानेच दोघे पाहुणे खुर्च्यांसकट मागे सरकले. ते पाहुणे साखरेचे व्यापारी होते. त्या दिवसापासून कारखान्याच्या फाटकावर माझी पिशवी तपासतात.

म्हणून सप्टेंबरात वार्षिक सभेला गेले. तुम्ही कधी सभेला येत नाही, तेव्हा तिथली रीत सांगते. पुढच्या चार रांगांत चेअरमनची माणसं बसतात. सेक्रेटरी विषय वाचतो आणि तो वाचून व्हायच्या आत त्या चार रांगा "मंजूर! मंजूर!" म्हणून ओरडतात. त्यांचा म्होरक्या लालासाहेब. (गावजत्रेत कुस्त्यांचा पुकारा करतो तोच. त्याच्या आवाजाला भोंगा लागत नाही.) मागचे सभासद जेवणाच्या मांडवाकडे तोंड करून बसतात. चौदा विषय अकरा मिनिटांत झाले, मी घड्याळ लावलं होतं. पंधरावा विषय नेहमीचा, "ऐनवेळी येणारे विषय". तो वाचला की सगळे उठतात. मी उठले आणि सरळ माइकपाशी गेले. मला अडवायचं कुणाला सुचलं नाही, कारण अडवणारे सगळे माझ्या हातच्या छड्या खाल्लेले. मी ठराव वाचला: मळीच्या पाण्याची शुद्धीकरण यंत्रणा चालू झाल्याखेरीज बॉयलर पेटवू नये आणि एक थेंबही ओढ्यात सोडू नये. माझ्या तोंडून "नये" बाहेर पडलं आणि लालासाहेब गरजला, "मंजूर!" त्याच्यामागून चारही रांगा. त्यांच्यामागून अख्खा मांडव, कारण सगळ्यांना भूक लागली होती.

बाळासोचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो लालासाहेबाकडे बघून हातवारे करू लागला, तर लालासाहेबाला वाटलं आवाज कमी पडला. तो आणखी दोनदा ओरडला. त्या दिवशी मी जिलबी खाल्ली. (मला साखर चालते, तुम्हाला नाही.)

आठवड्याने कारखान्याचं पत्र आलं. मी सभासदच नाही, म्हणून ठराव गैरलागू! मी तावातावाने सभासदांची यादी काढून बघितली, तर ते खरं निघालं. शेअर तुमच्या बंधूंच्या नावावर, आणि त्यांनी गेली पाच वर्षं उसाऐवजी हळद केली. कारखान्याला ऊस न घालणाऱ्याचं नाव मतदारयादीतून जातं. जन्मभर पोरांना आधी प्रश्न नीट वाचा म्हणून दटावत आले आणि यादी मी स्वतः वाचली नव्हती. दोन दिवस माझ्याकडून आमटीत मीठ पडलं नाही. (तुमच्या बंधूंच्या ते लक्षात आलं नाही.) नोव्हेंबरात बॉयलर पेटला आणि ओढा पुन्हा काळा झाला. शालूबाई आली नाही, तेच जास्त लागलं. मीच गेले. तिने बसायला पोतं टाकलं, पण शब्दाची आठवण काही काढली नाही.

त्यानंतर एका दुपारी लालासाहेब आला आणि दारातच उभा राहिला. चेअरमनने त्याला कामावरून काढलं असेल असं वाटलं, तसं नव्हतं. म्हणाला, "बाई, मंजूर म्हणलं ते म्हणलं. माझ्याबी म्हशी त्याच वड्याचं पाणी पित्यात." संचालक मंडळाची निवडणूक मार्चमध्ये आहे ही बातमी त्यानेच आणली. ठराव बाहेरून होत नसेल तर माणूस आत घालायचा, असं आम्ही ठरवलं. दोन्ही पॅनेलवाले माझ्याकडे येऊन गेले. विरोधी पॅनेलच्या जाहीरनाम्यात नदी स्वच्छ करू असंही होतं आणि मद्यार्काचा प्रकल्प दुप्पट करू असंही होतं. यातलं आधी काय करणार ते लिहून द्या म्हटलं, तर त्यांनी "योग्य वेळी योग्य ते" असं लिहून दिलं. मी त्याखाली लाल शाईने शून्य मार्क दिले.

मग अपक्ष उमेदवार शोधायला लालासाहेब आणि मी घरोघर हिंडलो. एकही माणूस ओढ्याच्या विरोधात नव्हता. पण उभं राहा म्हटलं की सगळ्यांचं बोलणं एकच, "बाई, आमची तोड न्हाई यायची." खरंच आहे ते. चेअरमनच्या विरोधात गेलं की ऊसतोडीची टोळी येत नाही, आणि ऊस फडातच वाळतो. बायकापोरं त्यावर जगतात, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. म्हणून असा माणूस हवा होता, ज्याचा ऊस तुटून गेला आहे, ज्याचं घर उसावर चालत नाही, ज्याचं नाव यादीत आहे आणि ज्याला गावात कुणी नाव ठेवत नाही. अख्ख्या यादीत असा एकच सापडला. फारसा हुशार नाही, पण सरळ आहे. अर्ज भरला, छाननीत टिकला. लालासाहेब सूचक झाला आणि आता आपल्या बाजूने ओरडतो आहे. शालूबाईची वस्ती पायी प्रचार करते आहे. त्यांना मत नाही, पण ज्यांना आहे त्यांच्या दारात मासे नेऊन ठेवतात.

बाकी सर्व क्षेम. राजेश्वरीला आशीर्वाद सांगा. हळदीची पूड पाठवते.

तुमची,
विजयमालावहिनी

ता. क. उमेदवार तुम्ही आहात. वाटणीत आलेला एक एकर आणि त्याचा शेअर तुमच्या नावावर आहे, त्या एकरातला ऊस आम्ही तुमच्या नावाने घालतो, आणि तो जानेवारीत गेला. गेल्या महिन्यात जत्रेला तुम्ही मटणाच्या ताटावर बसला असताना मी चार कागद पुढे केले. तुम्ही "वहिनी, कुठं सही करू?" एवढंच विचारलंत. कागदाच्या डोक्यावर "नामनिर्देशनपत्र" असं ठळक छापलेलं होतं. मी ते झाकलं नव्हतं.

ता. क. २ चिन्ह आज सकाळी मिळालं, रोड रोलर. झाड मागितलं होतं, यादीत नव्हतं. गणवेशातला तुमचा फोटो राजेश्वरीने पाठवला, इस्लामपूरला दोनशे फलक छापायला टाकलेत. (फोटोत तुम्हाला केस आहेत. लोक समजून घेतील.) पहिली सभा रविवारी पाचला चावडीसमोर. भाषण सोबत जोडलं आहे, एकच पान आहे. त्यात स्वतःचं काही घालू नका.

ता. क. ३ नको असेल तर तसं लेखी द्यायची सोय होती. अर्ज मागे घेण्याची मुदत काल दुपारी तीन वाजता संपली.