वाजतंय का गं?

प्रिय ठकू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवतेय. आईचं अक्षर दिसलं म्हणून रागानं बाजूला टाकू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. त्या दिवशी बाबा फोनवर जे बोलले ते तुला किती लागलं असेल, ते का मला कळत नाही? तू म्हणालीस, बाबा, मी घर सोडलं. आणि हे म्हणाले, अरे वा, झकास! जावईबापूंचंही अभिनंदन कर माझ्याकडून. मी तेव्हा बाजारात गेले होते. नंतर तू मला रडत रडत हे सांगितलंस तेव्हा मी पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. लग्नाच्या वेळी यांनी नाक मुरडलं होतं, पुढे पस्तावलीस तर मला सांगायला येऊ नकोस असंही बोलले होते. म्हटलं, बघा, एवढी वर्षं मनात धरून ठेवलं आणि पोर अडचणीत सापडल्याबरोबर टोमणा मारून मोकळे झाले. यांची जीभ तशी तिखट आहेच. तू मला शपथ घातलीस की या विषयावर यांच्याशी चकार शब्द काढायचा नाही. मी नाही काढला. पण तेव्हापासून मी यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, चहाचा कपसुद्धा आपटून ठेवत होते. तू बाबांशी कायमचं तोडशील, या भीतीनं मला धड जेवण जात नव्हतं. त्याच भीतीपायी हे लिहायला बसलेय. पण एकदम मुद्द्यावर आले तर तुला पटायचं नाही, म्हणून आधी गाडीच्या काचेचं सांगते. हसू नकोस.

तू कॉलेजात असताना घेतलेली आपली गाडी अजून तीच आहे. तिच्या माझ्या बाजूच्या दाराची काच बरेच महिने वाजत होती. रस्ता जरा खडबडीत लागला की खडखड सुरू, डब्यात सुटे खिळे घालून कुणी हलवावेत तशी. मी म्हणायची, अहो, काच वाजतेय. हे म्हणायचे, कुठे? मी म्हणायची, ही काय, कानाशी! यावर हे नुसती मान डोलावून भलताच विषय काढायचे. मला वाटायचं, मुद्दाम कानाडोळा करतायत. गॅरेजमध्ये नेऊ म्हटलं की अंगावर येणार. जे आपल्या हातानं उघडता येतं ते दुसऱ्याकडून उघडून घेण्यात यांना कमीपणा वाटतो. मी फारच डोकं खाल्लं तेव्हा एकदा पुठ्ठ्याची घडी काचेच्या आणि रबराच्या फटीत कोंबून दिली, ती पण पुढच्या बाजूला. आवाज येत होता मागून. जखम मांडीला, मलम शेंडीला!

आणि गेल्या रविवारी सकाळी काय वाटलं कोण जाणे, आपण होऊन पान्ह्यांची पेटी घेऊन खाली उतरले. तेही शीळ घालत. म्हणाले, चल, आज तुझी काच गप्प करून टाकतो. ठकूकडे जायचं तर रस्ताभर तुझी कुरकुर नको. माझ्या मस्तकात तिडीकच गेली. म्हटलं, कुठल्या तोंडानं जाणार हा माणूस तिच्याकडे? पण तुझी शपथ. मूग गिळून गाडीत जाऊन बसले.

यांची कामाची तऱ्हा तुला माहीतच आहे. छापखान्यातलं मोठं मशीन असो नाहीतर घरातला गळका नळ, दुखणं नेमकं कुठं आहे ते कळल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. मला आत बसवलं आणि काच पूर्ण वर घेऊन बाहेरून दारावर बुक्की मारली. आता? मी म्हटलं, नाही. काच अर्धी खाली घेतली, पुन्हा बुक्की. आता? वाजतेय. म्हणजे, म्हणाले, वर गेली की वरचं रबर तिला धरून ठेवतं, मधे आली की ती अनाथ. मग मला काचेच्या कडेवर तळवा दाबायला सांगितला. पुढच्या कडेला दाबलं तरी वाजतच होती, मागच्या कडेला दाबल्यावर गप्प झाली. प्रत्येक वेळी बुक्की मारायची आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारायचं, आता? कोर्टातल्या साक्षीदारासारखी मी आहे-नाही, आहे-नाही करत होते. रागात होते तरी मनातून जरा सुखावलेच बघ. म्हटलं, जन्मात एकदा तरी माझ्या मताला किंमत आली.

मग दार उघडायचा सोहळा. काच फिरवायचा दांडा काढला, हात ठेवायच्या कडेचे स्क्रू काढले आणि ते माझ्या ओंजळीत दिले. आतलं आच्छादन ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसलेलं असतं त्या टक्‌ टक्‌ करत सोडवल्या. एक मोडली, तिचं खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद होता, तो एखादी जुनी पट्टी जखमेवरून काढावी तसा हळूच सोलला. आत जुनं ग्रीस आणि धूळ. बॅटरी मारून बघितलं तर मागच्या बाजूला काच ज्या खोबणीतून वरखाली होते, तिच्यातली बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी झिजून दोरे राहिले होते आणि खोबणीला धरून ठेवणारा बोल्ट इतका सैल की बोटानं फिरत होता. यांना कोण आनंद! सापडला चोर, म्हणाले, आणि ती खोबण धरून गदागदा हलवली. अगं, आच्छादन नसल्यामुळे असा खणखणाट झाला की तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. यांचा कान त्या बोल्टपासून वीतभरावर. आणि मान वळवून, माझ्याकडे बघून मला विचारतात, वाजतंय का गं?

मला आधी थट्टाच वाटली. पण तो चेहरा थट्टेचा नव्हता ठकू. उत्तराची वाट बघत होते. मी कशीबशी मान हलवली तेव्हा खूश होऊन परत दारात डोकं घातलं. मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि म्हटलं, अहो, चहा टाकू का? उत्तर नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, अहो, घराला आग लागलीय. हे आपले शांतपणे बोल्ट आवळतायत! मग मला एकेक आठवायला लागलं. दाराची बेल वाजली की मीच उठते. टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात ही यांची कायमची तक्रार. आणि फोनवर कुणीही काहीही बोललं तरी हो हो, छान छान. उभा जन्म त्या धडाडणाऱ्या मशीनशेजारी काढलेला माणूस, आणि मी त्याला हेकट म्हणत होते. मला रडूच आलं.

डोळे पुसून मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, ठकूकडे म्हणजे कुठे जायचंय आपल्याला? तर म्हणतात, कुठे म्हणजे? नव्या घरी. घर शोधलं म्हणाली ना ती! कधीपासून शोधत होती दोघं. मी अभिनंदनसुद्धा केलं, जावयाचंही केलं, म्हटलं आता जुनं उगाळत कशाला बसायचं. पण मधेच फोन बंद पडला बघ.

शोधलं. सोडलं. तूच एकदा म्हणून बघ. त्यात तुझा रडवेला, दबलेला आवाज.

मग मी शपथ मोडली. म्हटलं, व्हायचं ते होवो. त्यांना सगळं सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं पण पटलं नाही, मग ओरडून सांगितलं. छापताना एक अक्षर चुकलं तर अख्खं मशीन थांबवणारा माणूस, पालथ्या बादलीवर मटकन बसला. म्हणाले, म्हणजे तिला वाटलं मी टोमणा मारला? मी हो म्हटलं. मग म्हणाले, एवढ्या जवळची काच ऐकू येईना, तर पोरीचं रडणं कुठून ऐकू येणार. आणि उठून कामाला लागले. पेटीतल्या बनातीच्या तुकड्याची नवी पट्टी कापून दिली, ती खोबणीत मी बसवली, त्यांनी बॅटरी धरली. काच आता अजिबात वाजत नाही. दुसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाले, चल कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जाडे आवाज ऐकू येतात, बारीक गेले. स, श, च, फ सगळे यांना एकच. मशीन मिळणार आहे. जन्मभर मशीननं पोसलं, आता कानातही तेच, म्हणाले. मी हसले, आणि ते हसतायत हे बघून मला आणखी बरं वाटलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. बाबांना माफ कर म्हणायला नाही, आणि तू घर का सोडलंस ते विचारायलाही नाही. तुझा निर्णय तुझा, मी तुझ्या बाजूनं आहे. पण त्यांना ते तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचंय. मी म्हटलं, मी सांगितलं ना सगळं? तर म्हणाले, तुझं नको. ती मला सांगायला आली होती, नको म्हटलं होतं तरी आली होती, आणि मी तिला ऐकलंच नाही. फोनवर नको म्हणतात. समोर, उजेडात, तुझ्या ओठांकडे बघत. मी विचारलं, आणि ऐकून काय म्हणाल? जराही विचार न करता म्हणाले, म्हणेन, गाडी खाली उभी आहे, तुझं सामान कुठंय? तुला आमच्याकडे यायचं नसेल तर नको येऊस, मैत्रिणीकडे बरं वाटत असेल तर तिथेच राहा, सामान तिथल्या तिथे हलवायलाही हे तयार आहेत. फक्त एकदा त्यांना समोर बसू दे. मला फोन कर आणि नुसतं ‘या’ म्हण. यांच्यापर्यंत तो शब्द मी पोचवते, ओरडून सांगते, अख्ख्या गल्लीनं ऐकला तरी चालेल.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच,
आई