हळदीचा ओटा आणि आमची परात

लातूर, माघ वद्य पंचमी

ती. वीरण्णा दाजी यांस मृत्युंजयाचे शरणु शरणार्थी.

आपण, रत्नम्माक्का आणि आपला रक्तदाब, तिघेही उमरीत ठीक असाल असे धरून चालतो. इकडे आम्हीही ठीक आहोत. म्हणजे परात सोडून बाकी सर्व ठीक आहे.

परातीविषयी आधी लिहितो, कारण असल्या गोष्टी मनात राहिल्या की पचन बिघडते. आमच्या घरात मोठी अशी एकच पितळी परात. लग्नापासून गुरम्मा तिच्यात कणीक मळत आली आणि त्या कणकेच्या पोळ्याच होत आल्या. मागच्या पंधरवड्यापासून मात्र आपली कन्या मंजुश्री (जी नोकरीनिमित्त आमच्याकडे राहते आणि जिला सरकार धरणे-कालवे आखण्याचा पगार देते) त्या परातीत कणकेचे धरण बांधते. एका बाजूला बोटाने खाच पाडते, तो म्हणे सांडवा. त्या खाचेत गुळाचा खडा ठेवते. धरणाच्या पायथ्याशी एक सुपारी ठेवते. मग माझ्या पूजेच्या तांब्याने पाणी ओतते आणि गालाला हात लावून बघत बसते. धरणाचे जे काही उरते, त्याच्या पोळ्या. त्या थोड्या गोड लागतात आणि पुष्कळ चिवट. मी तक्रार केली तर गुरम्मा म्हणते, ‘खा गप, शिकलेली पोरगी हाय.’ माझ्या शिक्षणाचा उल्लेख या घरात इतक्या आदराने कधी झाल्याचे स्मरत नाही.

आता आपल्या पत्राकडे वळतो. आपण लिहिता की गावतलावाच्या पाहणीला ही आली आणि सख्ख्या बापाच्या हळद वाळवायच्या ओट्यावर, हा पाडायचा म्हणून, लाल रंगाने फुली मारून गेली. संक्रांतीपासून आपण तिच्याशी बोलत नाही. आणि मामा या नात्याने मी तिला दोन शब्द सुनावावेत. सुनावले. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, ‘मामा, तलाव भरला की जादा पाण्याला जायला सांडव्याची तेवढी एकच वाट हाय. त्या वाटेवर बाबांनी ओटा बांधलाय.’ मी आपला मुद्दा मांडला, की इतक्या वर्षांत त्या वाटेने पाण्याचा थेंब गेलेला नाही. ती म्हणाली, ‘गेला न्हाई म्हणूनच तर बांधला.’ यावर न्यायशास्त्रात काहीतरी उत्तर असेलच. मी चहा पिऊन टाकला.

तरीही मी आपल्याच बाजूचा होतो, हे आपल्या समाधानासाठी नोंदवतो. ओटा तो केवढा, कमरेएवढा उंच. त्याच्यापुढे अख्खा तलाव काय फुगून बसणार आहे? माझे हे मत नारळांच्या प्रकरणापर्यंत टिकले.

झाले असे. लातूरजवळच्या एका गावात मंजुश्रीने आखलेल्या चारीला, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाला, पौषात पहिले पाणी सुटायचे होते. तिच्या हातची ही पहिलीच चारी. या चारीची खुबी अशी की तोंडापाशीच पाणी मोजून घेतले जाते. एका जागी सिमेंटच्या भिंती जवळजवळ आणून पाण्याला चिमटीत धरले आहे, त्याला फ्लूम म्हणतात. चिमटीच्या अलीकडे भिंतीवर मोजपट्टी आहे. पट्टीवरच्या लाल खुणेला पाणी लागले, की शेवटच्या शेताला पुरेल एवढे पाणी निघाले. त्याला चाक नाही, काटा नाही, वीज नाही. पाणी चालता चालता स्वतःचे माप सांगत जाते. (मी तेथे बराच वेळ उभा राहिलो, दाजी. चार अक्षरांत शास्त्र बसवणारे सूत्रकार मी जन्मभर शिकवले. चार फूट सिमेंटात बसवणारी माणसे आपल्याच घरात आहेत, याची कल्पना नव्हती.)

त्या दिवशी तिला कार्यालयात थांबावे लागले, आणि जलपूजनाला संस्कृत येणारा म्हणून मला नेण्यात आले. पूजा नेमकी कोठे करावी, असा प्रश्न निघाला. मी विद्वानाच्या चेहऱ्याने त्या चिमटीकडे बोट दाखवले आणि ‘संकटे जलमार्गे तु नारिकेलं समर्पयेत्’, म्हणजे अरुंद प्रवाहात नारळ वाहावा, असे वचनही ऐकवले. (कोणत्या ग्रंथातले, हे कोणी विचारले नाही हे बरे झाले. ते तेथेच, उभ्या उभ्या जन्मले होते.) गाव श्रद्धाळू. घरटी नारळ पडला. बायकांनी ओटीची साडी सोडली, ती चिमटीत एका सळईला अडकली आणि नारळ साडीत अडकले. वर फुलेच फुले, त्यामुळे आम्हाला सगळे मंगलच दिसत होते. पाणी बघता बघता लाल खुणेच्याही वर गेले. टाळ्या झाल्या. चारीला पाणी सोडणारा संगप्पा पाटकरी शिस्तीचा माणूस; खूण ओलांडली म्हणून त्याने चारीच्या तोंडाचे लोखंडी दार बरेच खाली घेतले.

दोन दिवसांनी चारीच्या पार टोकाला ज्याचे रान आहे तो निवृत्ती मोटारसायकलवर आमच्या दारात. बसला नाही, चहा घेतला नाही. म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या पट्टीवर पाणी लई हाय. माझ्या हरभऱ्यात न्हाई.’ तोवर गावात बोलणे सुरू झालेच होते, की पोरीचे गणित चुकले. तिच्या वरच्या साहेबांनी तर फ्लूम फोडून टाका, असे फोनवर सांगूनही टाकले. मला वाटले, आता ही कागद काढील, आवाज चढवील. तिने माझ्याकडे वळून एकच विचारले, ‘मामा, पूजा कुठं केली तुम्ही?’

आम्ही गेलो. संगप्पाने दार बंद केले, आणि मंजुश्री सलवार दुमडून स्वतः त्या चिमटीत उतरली. साडी निघाली, मग नारळांची रांग लागली. संगप्पा माझ्याकडे बघत म्हणाला, ‘मास्तर, हे काढायचा बी मंतर असंल की.’ मी आकाशाकडे पाहिले. तिने मला सोपे करून सांगितले: चिमटीत अडथळा आला की पाणी अलीकडे फुगते, पट्टी खोटे बोलत नाही, ती फुगलेले पाणी मोजते. निवृत्तीला तिने ‘कचरा अडकला होता, काका’ एवढेच सांगितले. मामाचे नाव नाही, श्लोकाचे तर नाहीच. दुसऱ्या दिवशी पाणी टोकाला पोचले. परवा निवृत्ती हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला, या वेळी बसला, आणि चहा दोनदा घेतला.

शंकराने गंगा जटेत अडवली, हे मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. अडवलेले पाणी सुटावे कोठून, याचा विचार करणारे कोणी तरी लागते, हे मला या वयात, नारळ वेचताना कळले. आपली मुलगी मोठी आहे, दाजी. उंचीने म्हणत नाही.

अक्काला नमस्कार. औषध वेळेवर घ्यावे.

आपला,
मृत्युंजय

ता. क. परातीची तक्रार मागे घेतो. मागणे दुसरेच आहे. या हंगामाची हळद वाळून पोत्यांत भरली, की तो ओटा काढा. मृगाच्या आत काढा. सांडवा थोडा वळवून ओटा वाचवण्याची वाट तिला वरच्या साहेबांनीच सुचवली होती. ‘बाबांच्या ओट्यासाठी शेजाऱ्याचं रान कापू का?’ म्हणून तिने नकार दिला. हे तिने आपणाला सांगितले नसणार.

आणखी एक. गुळाचा खडा म्हणजे आपला ओटा, आणि सुपारी म्हणजे आपले घर. मी काल विचारले तेव्हा सांगितले. प्रत्येक वेळी पाणी खड्याशी अडते, फुगते आणि कणकेच्या धरणावरूनच खाली येते. काल धरण फुटले आणि सुपारी परातीच्या काठाला जाऊन लागली. तिने ती उचलली, ओढणीने पुसली आणि डब्यात ठेवून दिली. काल पोळ्या झाल्या नाहीत. ती आपणाला फोन करते, आपण उचलत नाही. मला पाण्यातले काही कळत नाही, दाजी, पण नारळ मी पाहिले आहेत. अक्का खालच्या खोलीत झोपते. मला भीती वाटते.