जमिनीला हात न लावता

२ मे
पुन्हा तमाशा! आमच्याकडे पाटावर बसून जेवायचं आणि जमिनीला हात न लावता उठायचं — आबासाहेबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा नियम. का, तर पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते. मग? मी तेरा वर्षांची आहे, फौजेत नाही! आज हात टेकूनही उठता आलं नाही. शेवटी आईनं काखेत धरून उचललं. "लाड! सगळे लाड!" — आबासाहेब.

५ मे
उद्यापासून गच्चीवर उन्हात सूर्यनमस्कार, आबासाहेबांचा हुकूम. अंगात बळ येईल म्हणे.

१९ मे
पापण्या जांभळ्या, बोटांचे सांधे लालभडक. वेणी घालायला हात वर जात नाहीत. शेजारची मोहना म्हणते, "आयशॅडो लगाडी के शुं?" हो, लावलीय! आबासाहेब म्हणतात, आळस आहे. नमस्कार चालूच.

१७ जून
मोठे डॉक्टर. "बेटा, पग ऊंचो कर जोउं." पाय वर झालाच नाही. आजाराचं नाव ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस — लिहितानाच दम लागला. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच कातडीवर आणि स्नायूंवर तुटून पडतात. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही. लाखो मुलांत एखाद्याला होतो. वा रे नशीब!

आणि ऊन? ऊन अजिबात नको. उन्हानं हा आजार भडकतो! घरी आल्यावर आबासाहेबांना मीच सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. अजून बोलायला हवं होतं.

२१ जून
पाट माळ्यावर गेले. डायनिंग टेबल आलं, आबासाहेबांनीच आणवलं. माफीचा एक शब्द नाही. टेबल म्हणजे माफी?

३० सप्टेंबर
स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंडाचा भोपळा झालाय. सोसायटीत गरबा, मी खिडकीत. आबासाहेब दाराशी आले. "शलाका, तुला एकदा पहिल्यासारखं उठताना बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील." आणि रडले. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. रडू देत.

३ डिसेंबर
आता जिना चढते. डॉक्टर खूश. आबासाहेब जेवताना माझ्या गुडघ्यांकडे बघत असतात.

१४ डिसेंबर
कडी लावून खाली बसले. जमिनीला हात न लावता उठले. उठले! परत बसले, परत उठले.

आबासाहेबांना सांगणार नाही.