सात दिवसांच्या सात बॅगा

आई,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

जहाजावरच्या पंधरा खोल्या आवरतो, त्यामुळे लोकांची अक्कल रोज बघायला मिळते. सात दिवसांच्या सहलीला सात बॅगा! काल एका साहेबांनी उलटीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत कोंबल्या. चढताना जमा केलेली ती बॅग खोलीत पोचते संध्याकाळी. तोवर साहेब कोट घालून बादलीत ओकत बसले. औषधं, कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवावीत, एवढंही कळत नाही या दीडशहाण्यांना.

तुझं ऑपरेशन सोमवारीच ना? घाबरली नाहीस ना?

आज स्वेटरसाठी माझी बॅग उपसली, तर तळाशी तुझे सगळे रिपोर्ट निघाले. निघताना घाईत मीच कोंबले होते. फोटो काढून ताईला पाठवलेत. डॉक्टर ओरडले, तर खुशाल माझं नाव सांग.

तुझा,
दीडशहाणा