समजावणीचे पाच गुण

राळेगाव, ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. वर्षास ताईचे अनेक आशीर्वाद. (रीत म्हणून. मनातून नाहीत.)

तू फोन कापतेस, म्हणून पत्र. पोस्टमनला कापता येत नाही.

निकाल पाहिला. नर्सिंगच्या वर्गात तू पहिली आणि मी बीपीच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास. तो पट्टा दंडाला कसा बांधायचा, ते मीच तुला माझ्या हातावर शिकवलं होतं! पेशंटही एकच, तांड्यावरची मोतीबाई. आधी माझ्या टेबलावर, मग तुझ्या. परीक्षक तेवढे वेगळे. मी तिला याडी म्हटलं, आईसारखं, आणि सगळं आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत समजावलं. माझ्या परीक्षक बाईंना वाटलं, मी ओळखीच्या म्हातारीशी गप्पा मारते आहे. 'रुग्णाला समजावून सांगितले' यापुढे त्यांनी शून्य मांडलं, आणि तो मुद्दा गेला की माणूस नापासच.

तुझ्या सरांनी तुला पाचपैकी पाच दिले. तूही मोडकीतोडकी का होईना, बोलीतच बोलली असशील ना? तेवढं प्राचार्य मॅडमना लिहून दे. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही सगळ्या ड्यूटीवर, आणि मी पुन्हा पट्टा बांधत बसलेली. आई रोज विचारते, वर्षा पास झाली, तू काहून राह्यली.

काकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रंजिताताई


पांढरकवडा, ता. ८ ऑगस्ट

ती. रंजिताताईस, सा. न. वि. वि.

आशीर्वाद रीतीचे होते, तरी घेतले.

मी काही लिहून देणार नाही. वाईट वाटलं तर वाटू दे. लहानपणापासून ऐकते आहे, रंजिताचं अक्षर पाह्य, रंजिताची भाकर पाह्य. तुझा निकाल आला की बाबा मला विचारायचे, तुले कायले जमत नाही. यंदा पहिल्यांदा मोठ्या आईने तुला माझं नाव ऐकवलं. मला ते चार दिवस पुरवून खाऊ दे. सरांना माझं काम पटलं, बाईंना तुझं पटलं नाही, यात माझा काय दोष?

मोठ्या बाबांना नमस्कार. रागावलीस तरी आठवण ठेव.

तुझी
वर्षा


राळेगाव, ता. १२ ऑगस्ट

चि. वर्षास आशीर्वाद.

नको लिहूस. मी जळते तुझ्यावर, आणि हे लिहिताना मला लाजही वाटत नाही. तुझा पेढा आईने पुढे केला तेव्हा मी पोट दुखतं म्हणाले. अर्ज माझा मी करीन, त्यात तुझं नाव येणार नाही. फक्त एक सांग, मोतीबाईला तू काय म्हणालीस?

या वेळी खुशाली विचारत नाही. ती तुझी आहेच.

रंजिता


पांढरकवडा, ता. १८ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पुस्तकातली चार वाक्यं शुद्ध मराठीत घडाघडा म्हटली. बोली मला येते कुठे? बाबा एसटीत लागले तेव्हापासून आमच्या घरी मराठीच. मोतीबाईने मान हलवली, सर खूश झाले, पाच मांडून पुढच्या कागदाकडे वळले. मग पट्टा फुगला तशी ती घाबरली. तिने हात ओढून घेतला आणि मला विचारलं, की मघाची ती याडी म्हणणारी पोरगी कुठे गेली. तेवढं मला समजलं. ताई, माझ्या टेबलावर, माझ्या परीक्षेतही तूच पहिली! इतका राग आला तुझा. म्हणून फोन उचलत नव्हते.

परवा हे सगळं मॅडमना लिहून दिलं. येत्या सोमवारी दोघींची परीक्षा पुन्हा आहे, दोन्ही परीक्षक एकाच टेबलाशी, आणि सोबत बोली जाणणारी एक सिस्टर. पेशंट मोतीबाईच. तू पास होशील. माझा पहिला नंबर जाईल, आणि त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

रविवारी मुक्कामाला येते. घाबरू नको, हे बोलीत कसं म्हणतात ते मला शिकव.

जळते आहे, तरी तुझीच,
वर्षा