चारास एक

३ जून
मुलगे बारा. मुली शून्य! तीनदा मोजलं. वर्षभराची पर्थेसची नोंदवही माझ्याच अक्षरातली. एक्स-रे मीच काढते ना. पर्थेस म्हणजे लहान पोरांच्या मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरत नाही, ते खुब्यात चपटं होत जातं. लंगडत येतात बिचारी.

डॉक्टरीणबाईंना वही दाखवली. "अगं, हा मुलग्यांनाच जास्त होतो. चार-पाच मुलग्यांमागे एक मुलगी."

मग ती एक कुठाय? बारांमागे दोन-तीन तरी हव्यात!

"आकडा लहान आहे. योगायोगही असेल."

असेलही. चैन पडत नाही.

५ जून
तेरावा. मुलगाच. "परवा जिन्यावर लंगडला, लगेच आणला," आई म्हणाली. लगेच!

८ जून
दादाकडे जेवायला. त्याची टिटवी — सहा वर्षांची, तोंड क्षणभर बंद नाही म्हणून टिटवी — "आत्या, आत्या" करत दारात आली. डावा पाय ओढत!

कधीपासून? "झाले दोन-तीन महिने," वहिनी. "गुडघा दुखतो म्हणते. शाळेत जायचं नसलं की जास्तच."

दादा हसला. "नाटकी आहे. खेळायला सोड, मग बघ कशी ठणठणीत होते!"

"मुलगा असता तर दोन-तीन महिने थांबला असतास?"

घास हातातच राहिला त्याचा. वहिनी भांडी उचलायला लागली. बोलायला नको होतं. की हवं होतं?

९ जून
कामात लक्ष नाही. एका आजोबांचा उजव्याऐवजी डावा हात घेत होते. त्यांनीच टोकलं — "पोरी, मोडलाय तो हा!"

११ जून
दादाला फोन केला. "तुला मेलं सगळीकडे दुखणंच दिसतं." फोन ठेवून दिला त्यानं.

१२ जून
वहिनी टिटवीला घेऊन आली! दादाला न सांगता.

डॉक्टरीणबाईंनी पाय आतल्या बाजूला वळवून पाहिला. वळेना. "गुडघ्याचा नको, खुब्याचा काढ. कळ खाली येते, मूळ वर असतं."

टेबलावर पोर गप्प. पहिल्यांदाच. मग हळूच — "आत्या, मी नाटक नाही करत."

"माहितीये गं."

पडद्यावर उजवं डोकं गोल. डावं चपटं. सगळ्यांत आधी मी पाहिलं. वहिनीकडे बघवेना.

"वय लहान आहे, हाड भरून यायला वाव आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धावणं, उड्या बंद. दर तीन महिन्यांनी फोटो." वहिनी नुसती मान हलवत होती. ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक.

वहीत चौदावी ओळ. मुलगी. अक्षर वाकडं आलं.

१४ जून
दादा आला. सरळ माझ्या टेबलाशी. म्हणाला, "गेल्या रविवारी तू गेल्यावर तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या मी. रडत होती."

१६ जून
संध्याकाळी खोली बंद करत होते. वहिनी आली, एकटीच. बस म्हटलं तरी बसेना. दाराशी उभ्यानेच म्हणाली, "ताई, माझाही काढता? मीपण तिच्याएवढी असताना अशीच चालायचे. आई म्हणायची, नखरे."